'सामाईक संसाधन' की 'पाळीचे साधन'?

प्रश्न : प्रसारण केंद्रातील ग्राफिक्स यंत्रणा, रिप्ले सर्व्हर, फॉरमॅट कन्व्हर्टर (चित्राचा प्रकार बदलणारे यंत्र) ही उपकरणे एका स्टुडिओची नसून अनेक स्टुडिओ ती वापरतात. त्यांची नोंदणी आणि जोडणी आपोआप करणाऱ्या प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत 'शेअर्ड रिसोर्स'साठी मी 'सामाईक संसाधन' असे लिहिले आहे. ते योग्य आहे का?

उत्तर १ : 'संसाधन' हा शब्द पाणी, खनिजे, मनुष्यबळ यांसाठी रुळला आहे; हाताळायच्या उपकरणांना 'साधन' पुरेसे आहे. 'सामाईक' मात्र तपासूनच वापरावा. सामाईक भिंत एकाच वेळी दोन्ही घरांची असते. राउटरमधून (चित्रे हव्या त्या ठिकाणी वळवणाऱ्या यंत्रातून) एका कॅमेऱ्याचे चित्र एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवता येते, आणि ज्याचे पहिले भाग 2017 मध्ये प्रसिद्ध झाले त्या एसएमपीटीई एसटी 2110 या, चित्र-ध्वनी संगणकी जाळ्यावरून पाठवण्याच्या मानकावरील आयपी जाळ्यातही मल्टिकास्टमुळे (एकाच वेळी अनेकांना पाठवण्याच्या पद्धतीमुळे) एकच प्रवाह अनेकांना घेता येतो. म्हणून त्या चित्राला 'सामाईक' शोभते. एकाच इनपुटचा कन्व्हर्टर मात्र ज्या घटकेला ज्याच्याकडे असेल, त्या घटकेला त्याचाच असतो. त्याला मी 'पाळीचे साधन' म्हणेन.

या भेदाचा चटका मी अनुभवला आहे. आमच्याकडे एक फ्रेम सिंक्रोनायझर (बाहेरून येणारे चित्र स्टुडिओच्या वेळेशी जुळवणारे यंत्र) नुसता 'सामाईक' म्हणून नोंदवलेला होता. थेट कार्यक्रम सहा मिनिटे लांबला, पुढच्या स्टुडिओची वेळ होताच प्रणालीने इनपुट बदलले, आणि बाहेरून येणारी मुलाखत ऐन वाक्यात तुटून पडद्यावर रंगपट्ट्या आल्या. आधीची पाळी संपली का, हे प्रणालीने पाहिलेच नाही, कारण नोंदीत पाळी ही कल्पनाच नव्हती.

उत्तर २ : 'पाळीचे साधन' पटले; 'आळीपाळीचे' म्हटल्यास अर्थ अधिक चटकन लागेल. याच पुस्तिकेत 'अ‍ॅलोकेशन'साठी 'वाटप' आले असेल, तर तेही बदलावे, असे आग्रहाने सुचवतो. वाटप झालेली वस्तू घेणाऱ्याची होते, ती परत येत नाही. इथे तर साधन परत येणे हाच व्यवहाराचा गाभा आहे. नियंत्रणकक्षातली माणसे 'कन्व्हर्टर लावला', 'अडकला', 'मोकळा झाला' असेच बोलतात. तेव्हा आधी 'राखून ठेवणे', वेळ झाल्यावर 'जोडणे', चालू असेपर्यंत 'लॉक करणे' आणि शेवटी 'मोकळे करणे' ही क्रियापदे ठेवावीत. 'मोकळे करणे' घड्याळावर न सोपवता कार्यक्रम संपल्याच्या खुणेवर सोपवावे, हे व्याख्येतच लिहावे.