फायरवॉलचे पोर्ट रिकामे असताना वेगळा स्विच कशाला?

रिकामा_पोर्ट: घरी ओपीएनसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरचा छोटा डबा आहे, इंटरनेट आणि घर यांच्यामधला पहारेकरी. एन१०० प्रोसेसर, चार पोर्ट, सगळे २.५ गिगाबिटचे. एक वॅनला (बाहेरचं इंटरनेट), एक लॅनला (घरातलं नेटवर्क), दोन धूळ खात पडलेत. विचारावं तिथे एकच उत्तर, "स्विच घ्या," म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारा वेगळा डबा. का घ्या? जोडायचंय काय तर पीसी, नॅस (नेटवर्कवरून वापरायची हार्डडिस्क) आणि वायफायचा ॲक्सेस पॉइंट. तीन पोर्टांचा ब्रिज केला, म्हणजे सॉफ्टवेअरनेच ते एका नेटवर्कात जोडले, की झालं. स्विच म्हणजे आणखी एक अडॅप्टर, आणखी एक प्लग. माझ्या मते घरात स्विच हा निव्वळ रिवाज आहे. आज रात्री ब्रिज करतोय.

क्रिम्पिंग_मास्तर: रिवाज नाही हो. स्विचमधली चिप पॅकेट कुठल्या पोर्टला द्यायचं ते स्वतःच बघते. तुमच्या ब्रिजमध्ये पीसीकडून नॅसकडे जाणारं प्रत्येक पॅकेट प्रोसेसरकडे हजेरी लावून जाणार. एक गिगाबिटची लाइन सगळ्यात लहान पॅकेटांनी भरली तर सेकंदाला १४.८८ लाख पॅकेटं होतात. साधा स्विच ती निमूट ओढतो.

रिकामा_पोर्ट: मास्तर, इतकी लहान पॅकेटं घरी कोण पाठवतं? फाइल कॉपीला १५०० बाइटची जातात, म्हणजे गिगाबिटला ८१ हजारांच्या आसपास. आणि तुमचा स्वस्तातला स्विच एक गिगाबिटचा. २.५ चा घ्यायला गेलं की खिसा कळतो.

दोन_चहा_एक_रीबूट: वेगाचं सोडा. एका सीएंच्या ऑफिसात मी असाच ब्रिज करून दिला होता. भर दुपारी अपडेट टाकून फायरवॉल रीस्टार्ट केली. नेट जाणार हे सगळ्यांना सांगितलं होतं. पण टॅलीही गेलं, प्रिंटरही गेला, कारण सर्व्हरची वाटच त्या डब्यातून. त्यात तारीख २०, जीएसटी रिटर्नची. (हो, माझाच गाढवपणा.) साहेब काही बोलले नाहीत, नुसते मागे येऊन उभे राहिले. मधे स्विच असता तर नेट नसतानाही टॅली चाललं असतं.

ब्रिजवरचा_बंडू: आधी डब्यात काय आहे ते बघा ना. मिक्रोटिक कंपनीच्या हेक्स राउटरमध्ये पोर्टांमागे स्विच चिपच असते. त्याच्या राउटरओएस सॉफ्टवेअरमध्ये ६.४१ पासून ब्रिजला हार्डवेअर ऑफलोड मिळतं, म्हणजे काम त्या चिपवर जातं; पोर्टापुढे 'एच' दिसला की आतल्या आतलं ट्रॅफिक प्रोसेसरपर्यंत जातच नाही. एन१०० च्या डब्यात चारही पोर्ट म्हणजे चार सुटी नेटवर्क कार्डं. तिथे मास्तरांचं खरं. रीबूटचं दुखणं मात्र दोन्हीकडे सारखंच.

रिकामा_पोर्ट: ऑफिसचं पटलं, तिथे स्विचच हवा. घरी डबा दहा मिनिटं बंद पडला तर कुणाचं रिटर्न अडतंय?

ब्रिजवरचा_बंडू: बरं, करा. ट्युनेबल्समध्ये (ओपीएनसेन्सच्या आतल्या सेटिंग्ज) पीफिल_मेंबर ० आणि पीफिल_ब्रिज १, नाहीतर फायरवॉलचे नियम अख्ख्या ब्रिजऐवजी एकेका पोर्टावर लागतील आणि डोकं खाजवत बसाल. आणि ज्या पोर्टावर बसून सेटिंग करताय तो ब्रिजमध्ये सगळ्यात शेवटी टाका, नाहीतर मधेच डब्याशी संपर्क तुटेल आणि मॉनिटर जोडून निस्तरावं लागेल.

रिकामा_पोर्ट: तो सगळ्यात आधी टाकला. हे मोबाइल डेटावर लिहितोय, आणि घरात मॉनिटरची एचडीएमआय केबल कुणाला सापडत नाहीये.