मदत हवी आहे: शेतकरी उत्पादक कंपनीची सीईओ म्हणून आपल्याच संचालकांचे नेतृत्व कसे करावे?

नमस्कार.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची मुख्य कार्यकारी अधिकारी आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून पदवी घेतल्यावर काही वर्षे बियाण्यांच्या व्यवसायात नोकरी केली, लग्नानंतर सासरच्या भागात आले आणि इथली कंपनी उभी राहत असताना या पदावर माझी निवड झाली. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची खरेदी, बियाणे-खतांची विक्री आणि धान्य साफ करून प्रतवारी करण्याचे एक लहान युनिट एवढा आमचा पसारा आहे. पीक मला कळते, हिशेब कळतो, बाजारही बऱ्यापैकी कळतो. अडचण येते ती माणसांना सोबत घेऊन निर्णय तडीस नेण्यात, आणि त्याबाबतच अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

आमची रचना थोडक्यात सांगते. कंपनीचे मालक म्हणजे सभासद कास्तकार, माल आणून देणारेही तेच, आणि माझा पगार ठरवणारे संचालकही त्यांच्यातूनच निवडलेले. सीईओ मात्र कायद्याने सभासदांबाहेरचाच असावा लागतो. त्यातून बहुतेक संचालक माझ्या सासऱ्यांच्या वयाचे आहेत आणि एक तर नात्याने माझे काकासासरे आहेत. घरी ज्यांच्यापुढे मी शब्द जपून बोलते, त्यांनाच गोदामाच्या दारात 'हा माल आज घेता येणार नाही' असे सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

गेल्या हंगामातला एक प्रसंग सांगते, म्हणजे प्रश्न नेमका लक्षात येईल. दसऱ्यानंतर आवक जोरात सुरू झाली होती, गोदामासमोर ट्रॉल्यांची रांग होती. आमच्याकडे बारा टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो, त्यापुढे वजनात कट्टी, म्हणजे कपात, लागते आणि चौदाच्या पुढचा माल वाळवून आणायला सांगितले जाते. काकाजींच्या ट्रॉलीतला नमुना मॉइश्चर मीटरमध्ये टाकला, तर आकडा चौदाच्या बराच पुढे गेला. त्यांनी मूठभर दाणे उचलले, एक दाताखाली फोडला आणि म्हणाले, "सूनबाई, आवाज आयकला काय? कट्कन फुटला. तुह्या मशीनपेक्षा माह्या दाताले जास्त समजते." मी आदराने पण स्पष्टपणे नकार दिला. थोड्याच वेळात अध्यक्षांचा मापाऱ्याला फोन आला, मला नव्हे, आणि ट्रॉली कट्टीविना आत गेली. रांगेत उभ्या असलेल्या, ज्यांची कट्टी त्याच सकाळी लागली होती अशा लहान कास्तकारांनी ते सगळे पाहिले. त्यांच्यापैकी काहींनी राहिलेला माल नंतर गावातल्या व्यापाऱ्याला घातला.

त्या दिवसापासून कर्मचारी कोणतीही गोष्ट करण्याआधी अध्यक्षांना विचारतात. अध्यक्ष माणूस म्हणून वाईट नाहीत, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. कंपनीसाठी त्यांनी पदरचे पैसे आणि वेळ दोन्ही घातले आहेत, आणि सुरुवातीचे सभासद तर केवळ त्यांच्या शब्दावर गोळा झाले. पण निर्णय होतात ते संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर, चहा घेताना. मी तिथे नसते, आणि एकटीने तिथे जाऊन बसणे आमच्या गावात सोपे नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीत जे होते ते फक्त सह्यांचे काम असते.

घाई असण्याचे कारणही आहे. दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेतून व्यवस्थापन खर्चासाठी मिळणारे साहाय्य, जे कमाल अठरा लाख रुपये आहे, ते तीनच वर्षांचे असते, आणि आमचे तिसरे वर्ष सुरू आहे. यापुढे माझा आणि लेखापालाचा पगार कंपनीने स्वतःच्या कमाईतून द्यायचा आहे. माल कुणाचा आहे हे पाहून घेतला गेला, तर ती कमाई होणार नाही.

म्हणून विचारते: वयाने, नात्याने आणि मालकीने मोठ्या असलेल्या माणसांसमोर सीईओने आपला अधिकार कसा उभा करावा? अध्यक्षांशी कामाची वाटणी कशी करावी? आणि व्यवस्थापनाचा एखादा अभ्यासक्रम केल्याने यात खरोखर फरक पडतो का?

प्रतिसाद: घाटंजीकर

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात अशाच एका कंपनीचा सीईओ होतो. तुमचा अधिकार तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे, फक्त तो कागदावर पडून आहे. कंपनी कायदा २०१३ मध्ये २०२० च्या दुरुस्तीने उत्पादक कंपन्यांचे स्वतंत्र प्रकरण आले. त्यानुसार सीईओ हा पदसिद्ध संचालक असतो आणि दैनंदिन कारभार, हिशेबाची पुस्तके, रोकड आणि मालमत्तेची सुरक्षितता, सभासदांना वेळोवेळी माहिती देणे ही त्याची कामे कायद्यातच लिहिलेली आहेत. संचालक मंडळाने देखरेख आणि दिशा द्यायची असते. मापाऱ्याला फोन करणे त्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बैठकीची सूचना किमान सात दिवस आधी प्रत्येक संचालकाला सीईओनेच द्यायची असते. म्हणजे लेखणी तुमच्या हातात आहे. सूचनेसोबत विषयपत्रिका आणि प्रत्येक विषयावर अर्ध्या पानाची टिपणी पाठवा. ओसरीवर चर्चा होणारच आहे, ती थांबणार नाही आणि थांबवूही नये, पण ती तुमच्या टिपणीतल्या आकड्यांवर होऊ द्या. आमच्याकडे हे सुरू केल्यावर संचालक खिशात टिपणी घालून यायचे आणि मलाच उलटे प्रश्न विचारायचे. मला तेच हवे होते.

ओलाव्याचा विषय नात्यातून काढून हिशेबात आणा. चौदा टक्के ओलावा असलेला शंभर क्विंटल सोयाबीन वाळून बारा टक्क्यांवर आला की वजन ९७.७ क्विंटलच्या आसपास उरते. म्हणजे सव्वादोन क्विंटल पाणी कंपनीने धान्याच्या भावाने विकत घेतले. साडेचार हजारांचा भाव धरला तरी दहा हजार रुपयांच्या वर गेले, आणि ओल्या थप्पीत उष्णता धरून बुरशी लागली तर नुकसान आणखी वेगळे. हे पैसे रांगेतल्या बाकी सभासदांच्या खिशातून जातात. हा तक्ता हंगाम सुरू होण्यापूर्वी मंडळाच्या ठरावाने मंजूर करून गोदामाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. ट्रॉली दारात आल्यावर नियम सांगितला की तो माणसाला लागतो. भाद्रपदात ठरलेला असला तर कार्तिकात कुणाला राग येण्याचे कारण उरत नाही.

उधारीबाबतही सावध राहा. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज अथवा आगाऊ रक्कम द्यायची तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, मंडळाला तो अधिकार नाही. आणि कायद्याच्या किंवा नियमावलीच्या विरोधातल्या ठरावाला संचालकांनी मत दिले, तर कंपनीचे नुकसान भरून देण्याची जबाबदारी त्या सर्वांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही येते. हे एकदा त्यांच्या कानावर घाला.

अध्यक्षांबाबत मला गुजरातमधल्या आणंदचे, म्हणजे 'अमूल'चे, उदाहरण फार मोलाचे वाटते. खेडा जिल्ह्यातला दूध संघ १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेलांनी गावोगाव फिरून उभा केला, आणि १९४९ मध्ये आणंदला आलेले वर्गीस कुरियन पुढे त्या संघाचे व्यवस्थापक झाले. कुरियन केरळचे, ना जातीचे ना भाषेचे. पण शेतकऱ्यांचा विश्वास आणि राजकारण त्रिभुवनदासांनी सांभाळायचे आणि रोजचा कारभार कुरियन यांच्यावर सोपवायचा, ही वाटणी दोघांनी वर्षानुवर्षे पाळली. तुमच्या अध्यक्षांकडे गावाचा विश्वास आहे, हे तुम्हीच लिहिले आहे. त्यांना वगळून तुम्हाला अधिकार मिळणार नाही. त्यांनीच तो चारचौघांत तुमच्या हाती द्यायला हवा.

प्रतिसाद: सेलूची मावशी

बाई, मी वर्धा जिल्ह्यात 'माविम'च्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) लोकसंचालित साधन केंद्राची व्यवस्थापक होते, तेव्हा बायकांचे बचत गट आणि पुरुषांचे मंडळ दोन्ही जवळून पाहिले आहे. घाटंजीकर दादांचे बहुतेक म्हणणे मला पटते, पण कायद्याचे पुस्तक पहिल्याच बैठकीत उघडू नका. ज्यांनी कंपनी स्थापन केली त्यांना जबाबदारीची कलमे वाचून दाखवली की ते ऐकत नाहीत, बिथरतात. ते काम अध्यक्षांनी किंवा तज्ज्ञ संचालकाने करावे. मंडळाला एकूण संचालकांच्या एक पंचमांशापर्यंत तज्ज्ञ संचालक स्वीकृत करून घेता येतात. तुमच्या तालुक्यात निवृत्त झालेला एखादा बँक अधिकारी त्यासाठी शोधा. ओसरीवर तुमच्या वतीने बोलणारे एक माणूसही त्यामुळे मिळेल.

ओसरीवर जाता येत नाही म्हणता, तर सकाळी जा. बैठकीच्या आदल्या दिवशी अध्यक्षांच्या घरी, घरातल्या बायका वावरत असताना, हिशेबाचा कागद घेऊन बसा. काकूंसमोरच आकडे सांगा. ट्रॉली भरण्याआधी सोयाबीन कुणी वाळवले आणि कुणी नाही, हे त्यांना नवऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. प्रत्येक संचालकाकडे असेच जा, काही मागायला नव्हे, त्यांचे ऐकून घ्यायला.

आणि एकट्याने सगळे उचलू नका. आमच्याकडे प्रत्येक संचालकाकडे एक विषय दिला होता: कुणाकडे बियाणे, कुणाकडे गोदाम, कुणाकडे वसुली. बैठकीत त्या विषयाची माहिती त्यानेच द्यायची, कागद मी तयार करून द्यायचा. सुरुवातीला अडखळायचे, पण स्वतःच्या तोंडून आकडा सांगितला की माणूस त्या आकड्याची काळजी घेऊ लागतो. तुमच्या काकाजींना गुणवत्ता समितीत घ्या, असे मी म्हणेन.

धागाकर्ती

दादा, मावशी, दोघांचेही मनापासून आभार. काकाजींना समितीत घेण्याच्या सूचनेवर मी बराच विचार केला. पहिल्यांदा वाचले तेव्हा ती मला धोक्याची वाटली, कारण त्याच समितीच्या आड स्वतःचा माल आत घालणे आणखी सोपे होईल. पण एक गोष्ट खरी आहे की पंचक्रोशीत माल वाळवण्याची, मळणीनंतर ताडपत्रीवर पातळ थर पसरून दिवसातून अनेकदा उलथवण्याची त्यांच्याइतकी समज कुणाला नाही. गेल्या हंगामात पावसाने घात केला आणि त्यांना तो वेळ मिळाला नाही, एवढेच. त्यामुळे समितीत ते, एक महिला सभासद आणि दोन एकरवाला एखादा लहान कास्तकार असे तिघे ठेवावेत, आणि ज्याचा माल आला असेल त्याने त्या वेळी बाजूला व्हावे, असा प्रस्ताव मी आधी अध्यक्षांकडे नेणार आहे. कट्टीचा तक्ता आणि कर्मचाऱ्यांना सूचना फक्त सीईओने द्याव्यात हा ठराव, असे दोन विषय पुढच्या बैठकीच्या सूचनेत घालते आहे.

प्रशिक्षणाबद्दलचा प्रश्न मात्र राहून गेला. आणि खरेदी धोरणात नमुना काढण्याबाबत नेमके काय लिहावे, हेही कुणी सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद: घाटंजीकर

प्रशिक्षण जरूर घ्या, पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आणि हैदराबादची 'मॅनेज' (राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था) या दोन्हींच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. हिशेब, कायदा, व्यवसाय आराखडा यांसाठी त्यांचा उपयोग होतो, आणि दुसऱ्या कंपन्यांच्या सीईओंशी ओळख होते ती त्याहून उपयोगाची. जमल्यास अध्यक्षांनाही सोबत न्या. दोघांनी एकच गोष्ट एकत्र ऐकलेली असली की परत आल्यावर समजावत बसावे लागत नाही.

नमुन्याबाबत धोरणात असे लिहा: ट्रॉलीच्या वरच्या थरातून नव्हे, तर निरनिराळ्या पाच ठिकाणांहून आणि खोलवरून दाणे काढावेत, ते एकत्र मिसळावेत आणि त्यातून तीन वेळा मोजून सरासरी धरावी. आकडा पावतीवर लिहून कास्तकाराची सही घ्यावी. मीटर हंगामाआधी तपासून घ्यावे आणि गोदामात दोन ठेवावेत, म्हणजे वाद झाल्यास दुसऱ्या मीटरवर कास्तकाराला स्वतःच्या हाताने पुन्हा मोजता येईल. संचालकाच्या मालाची पावती त्याच पुस्तकातली, त्याच क्रमाने फाडावी.