करोनाकाळात विमानं आणि फेरीबोटी चालू ठेवायला कॅनडाने पैसे कुठल्या वाटेने दिले?

खाडीकाठ

पुन्हा महासाथ आली आणि प्रवासी एकदम थांबले तर कोकणातली जलवाहतूक आणि छोट्या विमानतळांवरची उड्डाणं तगवायला सरकारने मदत कशी द्यावी, यावर आमच्या प्रवासी संघटनेसाठी टिपण लिहायचं आहे. भाऊचा धक्का–मांडवा रो-रो (गाड्यांसकट प्रवासी नेणारी बोट) १५ मार्च २०२० ला सुरू झाली आणि आठवड्याभरातच टाळेबंदीने थांबली. दाभोळ–धोपावे, आगरदांडा–दिघी इथल्या जंगलजेटींनाही (खाडी ओलांडणाऱ्या उघड्या फेरीबोटी) प्रवासी नव्हते, पण खलाशांचे पगार आणि बोटींची देखभाल चालूच होती.

उदाहरण म्हणून कॅनडा घ्यावा असं ठरतंय, कारण तिथे बेटंही आहेत आणि रस्ता नसलेली गावंही. जाणकारांनी सांगावं:

१. ब्रिटिश कोलंबियातल्या बी.सी. फेरीजला ३०८ कोटी डॉलर मिळाले म्हणतात. ते कशासाठी?
२. उत्तरेकडच्या छोट्या विमान कंपन्यांना काय मिळालं?
३. एअर कॅनडाची मदत याच प्रकारातली होती की वेगळी?
४. कुठे चुकलं? हे सगळ्यात महत्त्वाचं.

नोंदवही

आधी आकडा दुरुस्त करा. ३०८ मिलियन, म्हणजे ३०.८ कोटी कॅनेडियन डॉलर. दशलक्षाचे कोटी करताना शून्य हमखास घसरतं, आणि टिपण सरकारी टेबलावर गेलं की पहिल्यांदा तेच दिसतं.

दीपस्तंभ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण तुमच्या टिपणाचा गाभा तिथेच आहे.

बी.सी. फेरीज धड सरकारी खातं नाही आणि धड खासगी कंपनीही नाही. २००३ च्या कायद्याने ती स्वतंत्र कंपनी झाली आणि प्रांत सरकारशी तिचा ६० वर्षांचा सेवाकरार झाला. कोणत्या मार्गावर किमान किती खेपा करायच्या हे करारात लिहिलेलं आहे, त्यासाठी प्रांत सेवाशुल्क देतो, आणि भाडं किती वाढवता येईल याची मर्यादा स्वतंत्र फेरी आयुक्त ठरवतो. म्हणजे भाडं मनाला येईल तसं वाढवता येत नाही आणि खेपाही मनाला येईल तशा रद्द करता येत नाहीत.

आता एका खेपेचा हिशेब बघा. बोटीवर किती माणसं कामाला हवीत हे किती तिकिटं विकली यावर नसतं. आग लागली किंवा बोट सोडायची वेळ आली तर प्रवाशांना सुखरूप उतरवायला किती हात लागतील, यावरून ट्रान्सपोर्ट कॅनडा, म्हणजे केंद्राचं वाहतूक खातं, ते ठरवतं. बऱ्याच बोटींना दोन-तीन टप्प्यांचे परवाने असतात. कमी प्रवाशांच्या परवान्यावर बोट सोडली की डेकवरचे आणि उपाहारगृहातले काही लोक कमी होतात, पण सुकाणूघर आणि इंजिनघर जवळपास तसंच राहतं. इंधनही तेवढंच जळतं, कारण पाण्याचा विरोध बोटीच्या आकाराला असतो, आतल्या खुर्च्या रिकाम्या आहेत की भरलेल्या याने त्यात नगण्य फरक पडतो. एप्रिल २०२० मध्ये प्रवासी सुमारे ८० टक्क्यांनी घटले, खर्च त्याच्या जवळपासही घटला नाही. खर्च खरा वाचतो तो खेप रद्द झाली तरच.

म्हणून पहिलं पाऊल खेपा कमी करण्याचं होतं. प्रांताच्या संमतीने एप्रिलच्या सुरुवातीपासून हॉर्सशू बे–डिपार्चर बे आणि ब्रेंटवुड बे–मिल बे हे मार्ग तात्पुरते बंद झाले आणि त्सावासन–स्वॉर्ट्झ बे या मुख्य मार्गावर दिवसाला येऊन-जाऊन चारच खेपा राहिल्या. छोट्या बेटांचे मार्ग मात्र चालू ठेवले, कारण त्यांना दुसरा रस्ताच नाही. पर्याय असलेला मार्ग थांबवायचा, एकुलता एक मार्ग चालू ठेवायचा: हा क्रम तुमच्या टिपणात जसाच्या तसा घ्या.

पैसे आले ते डिसेंबर २०२० मध्ये, ‘सेफ रीस्टार्ट’ कराराखाली, निम्मे केंद्राचे आणि निम्मे प्रांताचे. विभागणी अशी:

– २८ कोटी डॉलर चालू खर्चातल्या तुटीसाठी.
– २.४ कोटी भाडेवाढ रोखण्यासाठी. अट अशी की २०२४ पर्यंत सरासरी वाढ वर्षाला २.३ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही.
– ४० लाख जादा खेपांसाठी.

शेवटची रक्कम किरकोळ दिसते, पण माझ्या मते सगळ्यात विचारपूर्वक दिलेली तीच आहे. कंपनी करारातल्या किमान खेपांपेक्षा बऱ्याच जास्त खेपा करते. सकाळी कामाला जाणाऱ्यांची किंवा रात्री दवाखान्यातून परतणाऱ्यांची बोट पुष्कळदा याच जादा खेपांत मोडते. तूट आली की कात्री पहिली तिथे लागते, आणि करार मोडला असंही कुणाला म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळे पैसे बाजूला काढले म्हणून त्या टिकवता आल्या.

काय चुकलं? एक म्हणजे उशीर. प्रवासी मार्चमध्ये गेले, मदत डिसेंबरमध्ये आली. केंद्राची वेतन अनुदान योजना मार्चपासून लागू होती: पगाराच्या ७५ टक्के, आठवड्याला माणशी जास्तीत जास्त ८४७ डॉलर. पण ती आयकरातून सूट असलेल्या सार्वजनिक संस्थांना नव्हती, आणि बी.सी. फेरीज त्याच कारणाने बाहेर राहिली. अर्धी सरकारी म्हणून वेतन अनुदान नाही, आणि कंपनी म्हणून सरकारी खात्यासारखी थेट तरतूद नाही. आपल्याकडे जेट्टी सागरी मंडळाची आणि बोट ठेकेदाराची, तेव्हा नेमका हाच खड्डा पडणार.

दुसरी अडचण नियमांतून आली. ६ एप्रिलपासून फेरीबोटींची प्रवासी क्षमता निम्म्यावर आणली गेली. बेटावरचा माणूस धक्क्यावर अडकू नये म्हणून स्थानिक रहिवासी आणि जीवनावश्यक माल यांना आधी चढू देण्याचा प्रांताचा आदेश निघाला. गर्दी टाळायला लोकांना आपापल्या गाडीतच बसू द्यायचं ठरलं, पण बंदिस्त वाहन-डेकवर प्रवासी थांबू देणं आगीच्या दृष्टीने धोक्याचं असतं. ती सूट तात्पुरती होती आणि सप्टेंबर २०२० अखेर मागे घेतली. जंगलजेटीचा डेक उघडा असतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला येणार नाही. मांडव्याच्या रो-रोला मात्र येईल.

ध्रुववारा

दुसऱ्या प्रश्नासाठी कॅनडाच्या उत्तरेकडचा नुनावुत प्रदेशच बघा. २५ गावं, एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा रस्ता नाही, जहाज फक्त उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर. बाकी वर्षभर दूध, औषधं, टपाल, पेशंट सगळं विमानाने.

तिथली बरीच विमानं ‘कॉम्बी’ असतात: पुढच्या भागात माल, मागे प्रवासी, आणि मधली भिंत गरजेप्रमाणे पुढे-मागे सरकवता येते. धंद्याचं गणित असं, की प्रवाशाच्या तिकिटावर उड्डाणाचा मोठा खर्च निघतो म्हणून मालाचा दर लोकांना झेपतो. २४ मार्च २०२० पासून नुनावुतमध्ये फक्त रहिवासी आणि अत्यावश्यक कर्मचारी यांनाच प्रवेश होता, आणि परतणाऱ्या रहिवाशांना आधी दक्षिणेकडच्या शहरांतल्या हॉटेलांत १४ दिवस सरकारी खर्चाने विलगीकरणात राहावं लागे. म्हणजे विमानं रिकामी झाली ती सरकारच्याच आरोग्य-आदेशाने. माल मात्र तेवढाच होता, उलट करोना तपासणीचे नमुने दक्षिणेकडे नेण्याचं काम वाढलं.

मदतीचे टप्पे दोन:

१४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने तीन उत्तरी प्रदेशांना मिळून १.७३ कोटी डॉलरपर्यंत रक्कम जाहीर केली: वायव्य प्रदेश ८७ लाख, नुनावुत ५० लाख, युकॉन ३६ लाख. हे पैसे कंपनीला थेट न देता प्रादेशिक सरकारांना दिले, आणि त्यांनी आपापल्या मार्गांप्रमाणे कंपन्यांशी ठरवलं.

मग ऑगस्टमध्ये दुर्गम गावांसाठीचा हवाई सेवा कार्यक्रम आला, १८ महिन्यांत १७.४ कोटी डॉलरपर्यंत. पहिल्या सहा महिन्यांचे करार ७.५ कोटींपर्यंतचे. हाही प्रत्येक प्रांताशी वेगळा करार करून.

याचा फायदा असा की कुठल्या गावाला आठवड्यातून किती उड्डाणं लागतात हे राजधानी ओटावात बसलेल्या माणसापेक्षा प्रांताला जास्त कळतं. तोटाही त्यातच आहे. जितके प्रांत तितके करार, आणि एकाच कंपनीची विमानं दोन प्रांतांत उडत असतील तर एकाच विमानाच्या खर्चाची विभागणी दोन ठिकाणी दाखवावी लागते. टिपणात ‘ज्या तळावरून विमान निघतं, तिथल्या सरकारकडे दावा’ असा एकच नियम सुचवा, वाद कमी होतील.

आणि मोबदला ठरलेल्या उड्डाणाला द्या, प्रवाशाला नको. दर माणशी अनुदान दिलं तर महासाथीत ते आपोआप शून्यावर येतं. मदत हवी असते तेव्हाच ती आटते.

हिशेबनीस

तिसरा प्रश्न. एअर कॅनडाचा सौदा अगदी वेगळ्या जातीचा होता. ५९० कोटी डॉलरपर्यंतचा आकडा १२ एप्रिल २०२१ ला जाहीर झाला, पण त्यात अनुदान नव्हतं. सुमारे ४०० कोटी वेगवेगळ्या कर्जांचे, १४० कोटी फक्त प्रवाशांच्या तिकिटांचा परतावा देण्यासाठीचं कर्ज, आणि ५० कोटींचे शेअर सरकारने २३.१७९३ डॉलर दराने विकत घेतले. साधारण ६ टक्के हिस्सा.

अटी वाचण्यासारख्या आहेत: १ फेब्रुवारी २०२० नंतरच्या प्रवासाची, परतावा न मिळणाऱ्या तिकिटांचे पैसेसुद्धा ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत करायचे, बंद केलेली प्रादेशिक गावं पुन्हा जोडायची, वरिष्ठांचं वार्षिक वेतन १० लाख डॉलरवर रोखायचं, शेअरची पुनर्खरेदी नाही, लाभांश नाही. ट्रॅव्हल एजंटांनी विकलेल्या तिकिटाचा परतावा देताना त्यांचं कमिशन परत मागायचं नाही, हीसुद्धा कंपनीची हमी होती. मला ती महत्त्वाची वाटते, कारण नाहीतर परताव्याचा भार गल्लीतल्या छोट्या एजंटावर पडला असता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने उरलेल्या कर्जसोयी न वापरताच बंद केल्या. वापरलं ते फक्त परताव्याचं कर्ज.

चूक कुठे झाली तर क्रमात. प्रवाशांचे पैसे वर्षभर व्हाउचरमध्ये अडकून राहिले, कारण कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने विमान रद्द झालं तर रोख परतावा द्यावाच असा नियम तेव्हा तिथे नव्हता. तो सप्टेंबर २०२२ मध्ये लागू झाला. परताव्याची अट मदतीच्या पहिल्या दिवशीच घातली पाहिजे.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार, आकड्याची चूक सुधारली. एक शंका उरते: आपल्याकडे यातलं काय झालं होतं? ‘भारतात काहीच मदत नव्हती’ असं लिहिलं तर चालेल का?

हिशेबनीस

नाही, तसं लिहू नका, ते चुकीचं ठरेल. मदतीचा प्रकार वेगळा होता.

२५ मे २०२० ला देशांतर्गत उड्डाणं सुरू झाली ती सुमारे एक तृतीयांश क्षमतेवर, आणि उड्डाणाला लागणाऱ्या वेळेप्रमाणे सात गटांत किमान आणि कमाल भाडं बांधून. मुंबई–दिल्ली सुरुवातीला ३,५०० ते १०,००० रुपये. कमाल दर प्रवाशासाठी होता. किमान दर कमकुवत कंपन्यांसाठी होता, म्हणजे तगड्या कंपनीने भाव पाडून दुसरीला संपवू नये. ही रोख मदत नाही, पण मदतच आहे, फक्त ती प्रवाशाच्या खिशातून गेली. भाड्याची ही बंधनं ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत राहिली.

नंतर सरकारी हमीच्या कर्जयोजनेत विमान कंपन्या आल्या आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मर्यादा १,५०० कोटी रुपयांपर्यंत नेली. त्यातले ५०० कोटी मालकांनी स्वतःचं भांडवल घातलं तरच. परताव्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाचा १ ऑक्टोबर २०२० चा आदेश बघा: कंपनीकडे पैसा नसेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंतचं क्रेडिट, ते दुसऱ्याला देता येणारं, आणि त्यावर ३० जून २०२० पर्यंत महिना ०.५ टक्के, पुढे ०.७५ टक्के वाढ. म्हणजे परताव्याचा प्रश्न आपल्याकडे कॅनडाच्या आधी मार्गी लागला. हे टिपणात अवश्य घ्या.

ध्रुववारा

उडानबद्दल, म्हणजे छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेबद्दल, एक भर. त्या योजनेतली तूटभरपाई ज्या निधीतून येते, तो मुख्यतः मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर आकारलेल्या रकमेतून भरतो, आणि राज्याचा वाटा साधारण २० टक्के. मोठी उड्डाणं थांबली की नांदेड-कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या सेवेचा निधीही त्याच महिन्यात आटतो. अमेरिकेत छोट्या गावांच्या विमानसेवेचं असंच झालं. तिचा एक आधार म्हणजे अमेरिकेवरून नुसत्या उडत जाणाऱ्या परदेशी विमानांचं शुल्क. ते घटणार हे ओळखून मार्च २०२० च्या केअर्स या करोना-मदत कायद्यातच ५.६ कोटी अमेरिकी डॉलर वेगळे ठेवले. तुमच्या टिपणात एवढं एक कलम तरी हवं: आकारणी ठरावीक टक्क्यांनी घसरली की फरक अर्थसंकल्पातून आपोआप भरला जाईल.

दीपस्तंभ

कोकणासाठी थोडं नेमकं. गोव्यात नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी सरकारीच आहेत आणि पायी प्रवाशाला तिकीटच नाही, त्यामुळे प्रवासी घटले म्हणून तिथे उत्पन्नाला फारसं भोक पडत नाही. महाराष्ट्रात ठेका आणि तिकीट, म्हणून भोक थेट खलाशाच्या पगाराला पडतं.

तेव्हा ठेक्याच्या करारातच आता, साथ नसताना, जोडपत्र घाला. मार्गवार दोन यादी: रस्त्याचा पर्याय असलेले आणि नसलेले. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक मार्गाला दिवसाच्या किमान खेपा, पहिली आणि शेवटची खेप वेळेसकट. प्रत्येक खेपेचा मान्य खर्च चार खात्यांत: डिझेल, खलाशी, विमा आणि सर्वेक्षण (बोटीची ठरावीक मुदतीची तपासणी), जेट्टी शुल्क. दावा लॉगबुकातल्या सुटण्याच्या नोंदीवर आणि डिझेलच्या बिलावर तपासायचा, तिकीटविक्रीवर नाही. तिकिटाचे जे काही पैसे येतील ते दाव्यातून वजा.

एक जागा लोक विसरतात. बोट महिनोन् महिने बांधून ठेवली तरी तिचं सर्वेक्षण आणि विमा यांच्या तारखा पुढे सरकत राहतात, आणि खारट पाण्यात तळाला कालवं धरतात. सेवा सुरू करण्याचा आदेश आला आणि बोट सुक्या गोदीत न्यावी लागली, तर मार्ग आणखी काही आठवडे बंद. म्हणून बांधून ठेवलेल्या बोटीसाठीही महिन्याची छोटी ठरावीक रक्कम असू द्या, आणि तिच्यासोबत अट: आदेश मिळाल्यापासून ४८ तासांत बोट खेपेला तयार.