बाळंतिणीच्या खोलीत बाबा : तुमचे अनुभव लिहा

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बेळगावचा जावई रविवारी खानापूरला जातो, चहा घेतो, बाळ बघतो आणि संध्याकाळच्या बसने परत. अंगावर पाजायला जड जातं ते पहिल्या पंधरवड्यात, आणि नेमका तेव्हाच तो पाहुणा. त्या दिवसांत तुम्ही किंवा तुमच्या नवऱ्याने काय केलं? सुरुवात मी करतो.

आमची मुलगी सिझेरियनची. टाके ओढत होते, बायकोला कुशीवर वळता येईना. नर्सने शिकवलं: बाळ काखेखाली घ्यायचं, पाय पाठीकडे, खाली उशी. ती उशी मी धरून बसायचो. तिसऱ्या दिवशी घरचे म्हणू लागले, "दूधच नाही हिला, पावडरीचा डबा आण जा." बाळाचं वजन बघून डॉक्टरांनी ठीक आहे सांगितलं होतं, म्हणून मी गेलो नाही. पहिला चीक थोडाच असतो आणि बाळाला तेवढा पुरतो, हे सासूबाईंना किती वेळा सांगितलं असेल! मग दूध पुरतंय का ते कळावं म्हणून ओली दुपटी मोजायला लागलो. सहाव्या दिवशी सहा निघाली. ती सासूबाईंनी स्वतः मोजली.

वडगाव, यंत्रमाग कामगार : रात्रपाळीहून सहाला घरी यायचो. पाजून झालं की लेकरू माझ्या खांद्यावर, ढेकर निघेपर्यंत. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा पाजणं असतं, बायको झोपणार कधी? नऊपर्यंत मी तिला उठवू द्यायचो नाही. आई म्हणायची, "पुरुषाचं काम न्हवं हे." म्हणू दे.

निपाणी, एक आई : मी घरी विड्या वळते. रजा कुठली? बाळ रडलं की सूप मांडीवरून उतरवायचं, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, लुगडं बदलायचं, कारण तंबाखूची भुकटी अंगभर. घरधनी तेवढ्यात सूप ओढून पानं कातरायला बसायचे. हजार विड्यांचा हिशोब चुकला नाही, म्हणून मी घाई न करता पाजलं. त्यांचं हे मी विसरणार नाही.

चिकोडी, सरकारी नोकर : मी चुकलो, तेही लिहितो. पहिल्या वेळी डबा मीच आणला. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. महिन्याभरात तिचं दूध आटलं आणि दोष तिलाच लागला. दुसऱ्या वेळी पंधरा दिवसांची पितृत्व रजा घेऊन सासुरवाडीलाच राहिलो. सहा महिने वरचं पाणीसुद्धा दिलं नाही.

आशा कार्यकर्ती, खानापूर तालुका : घरभेटीला गेले की नवरा उंबऱ्याबाहेर जातो. मी आत बोलावते आणि आधी त्यालाच विचारते, "ही जेवली काय?" परवा एकजण गप्प उठला, ताट वाढून घेऊन आला. बाळ पीत होतं, म्हणून घासही त्यानेच भरवले.