'इरासेमा' या तुपी नावाचा अर्थ नेमका कोणता?

प्रश्न – शब्दशोधिनी
माझ्या मुलीच्या वर्गात ब्राझीलहून आलेली इरासेमा नावाची मुलगी आहे. आपले नाव तुपी या ब्राझीलमधील मूळ रहिवाशांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ 'मधाचे ओठ' असा होतो, असे ती सांगते. मात्र हे नाव 'अमेरिका' या शब्दाची अक्षरे फिरवून केलेले आहे, असेही माझ्या वाचनात आले. खरे काय मानावे?

उत्तर – रानपाखरू
'मधाचे ओठ' हा अर्थ ब्राझीलचे कादंबरीकार जोझे दे अलेंकार यांचा. त्यांची 'इरासेमा' ही कादंबरी १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यामुळेच हे नाव ब्राझीलमध्ये घरोघरी पोहोचले. 'इरा' म्हणजे मध आणि 'तेंबे' म्हणजे ओठ, अशी फोड त्यांनी टिपांमध्ये दिली आहे. अक्षरांचा खेळ पुढच्या समीक्षकांनी दाखवला. रोमन लिपीत (Iracema – America) तो चोख जमतो खरा. पण देवनागरीत लिहून पाहा, 'इरासेमा'त 'क' कुठेच सापडत नाही! तुपी उच्चारात 'c'च्या जागी 'स' आहे आणि पोर्तुगीज लेखनपद्धतीमुळे तेवढे साम्य दिसते.

उत्तर – जुनी पोथी
अलेंकार यांची फोड मला ओढूनताणून केलेली वाटते, कारण 'तेंबे'चे 'सेमा' होताना मधला 'ब' कुठे गेला, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. तुपीत 'सेमा' म्हणजे बाहेर पडणे. अंडी घालण्यासाठी मासे झुंडीने नदीच्या उगमाकडे निघतात, त्याला ब्राझीलमध्ये आजही 'पिरासेमा' म्हणतात आणि त्यातला 'पिरा' म्हणजे मासा. त्याच धर्तीवर 'इरासेमा' म्हणजे मधमाश्यांचे पोळ्यातून बाहेर पडणे, हा अर्थ व्याकरणाला अधिक धरून आहे. अर्थात, मुलीचे नाव ठेवणारे आईवडील मधाचे ओठच निवडणार, हे उघड आहे.

शब्दशोधिनी
आभारी आहे. तिच्या भावाचे नाव मोआसिर आहे. त्यातही मध आहे का?

जुनी पोथी
नाही. मोआसिर हा त्याच कादंबरीतील इरासेमाचा मुलगा. अलेंकार यांच्या मते 'मोआसी' म्हणजे वेदना, आणि इथला 'इरा' हा 'च्यापासून निघालेला' असे सांगणारा प्रत्यय. म्हणून अर्थ 'दुःखातून जन्मलेला'. एकाच लेखकाच्या टिपांमध्ये 'इरा' एकदा मध होतो, तर एकदा प्रत्यय.