मेट्रॉलॉजी (मोजमापशास्त्र) आणि मटेरियल्समध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन): लॅबची नोकरी अर्जात दाखवावी का?

गोदाकाठ: झिंक ऑक्साइडच्या थिन फिल्म्सवरचा (अतिपातळ थरांवरचा) माझा पीएचडीचा प्रबंध नुकताच सादर झालाय. सध्या अंबड एमआयडीसीत एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मोजमापाची साधनं तपासणाऱ्या लॅबमध्ये, नोकरी करते. दिवसभर स्लिप गेज (नेमक्या लांबीचे स्टीलचे ठोकळे), मायक्रोमीटर, डायल. अमेरिकेच्या निस्ट या राष्ट्रीय मोजमाप संस्थेतली एनआरसी पोस्टडॉक फेलोशिपची जाहिरात वाचली, विषय अगदी माझाच. सर म्हणतात, अर्जात नोकरीचा उल्लेख टाळ. मला ते पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

सिडकोकर: ती फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिकांना मिळते. दुसरीकडे बघा.

सातपूर ते ब्राउनश्वाइग: ताई, नोकरी अजिबात लपवू नका! स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. म्हणजे १०० मिमीचा स्लिप गेज २० अंश या ठरलेल्या तापमानाऐवजी २१ वर मोजला, की मायक्रॉनभर चूक झालीच. नाशिकच्या मे महिन्यात खोली २० अंशांवर धरून ठेवायची, हात लागलेला गेज निवेपर्यंत थांबायचं, मग अनसर्टन्टी बजेट, म्हणजे मोजमापात कशामुळे किती अनिश्चितता येते याचा हिशेब, मांडायचं, हे तुमचं रोजचं काम आहे. मटेरियल्सवाले कितीतरी जण जाडी ‘२०० नॅनोमीटर’ लिहून मोकळे होतात, अधिक-उणे किती याचा पत्ता नसतो. मला याची मनापासून चीड येते.

प्रबंधातला एकच आकडा घ्या आणि त्याचं पूर्ण बजेट मांडा. प्रपोजल त्यावरच उभं करा. मग इथली, जर्मनीत ब्राउनश्वाइगची पीटीबी, इंग्लंडात टेडिंग्टनची एनपीएल, इटलीत तोरिनोची इनरिम, या राष्ट्रीय मोजमाप संस्थांत ज्या गटाचं काम तुमच्या आकड्याशी जुळतं त्यांना लिहा. जर्मनीत संशोधनासाठी मिळणाऱ्या हम्बोल्ट फेलोशिपला पीएचडीनंतर ४ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. तो वर्षभरात कधीही करता येतो, फक्त जर्मनीतल्या यजमानाची संमती आधी हवी.

गंगापूर रोड: देशातच राहायचं असेल तर एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन निधी संस्थेची एन-पीडीएफ ही पोस्टडॉक फेलोशिप बघा. मुदत २ वर्षं, वयाची अट ३५, महिलांना ५ वर्षांची सवलत. प्रबंध सादर झालेला असला तरी चालतं. दिल्लीच्या एनपीएलमध्ये (आपली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) मोजमाप आणि मटेरियल्स दोन्ही आहेत. देशाचं किलोग्रॅमचं प्रमाण वजन, क्रमांक ५७, तेही तिथेच. २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर गेली, त्यामुळे या क्षेत्रात करण्यासारखं खूप आहे.

गोदाकाठ: सगळ्यांचे आभार. फोर-प्रोबने (थरावर चार टोकं टेकवून) काढलेला शीट रेझिस्टन्स, म्हणजे थराचा विद्युत रोध, घेते. टोकांमधलं अंतर आमच्याकडे मॅन्युअलमधलंच धरतात. लॅबच्या प्रोफाइल प्रोजेक्टरवर (वस्तूची मोठी केलेली सावली पडद्यावर मोजणारं यंत्र) ते मोजता येईल. बजेट पहिल्याच मेलला जोडू का?

सातपूर ते ब्राउनश्वाइग: हो, पण एका पानात. आणि पातळ थरासाठी अंतर नेमकं किती यापेक्षा चारही टोकं सारख्या अंतरावर आहेत का, ते आधी बघा. नमुना लहान असेल तर कड जवळ असल्यामुळे आकड्यात करावी लागणारी दुरुस्तीही बजेटमध्ये धरा.