‘हंगामी’, ‘प्रभारी’ की ‘काळजीवाहू’ महापौर?

खानापूरहून: एका शहराच्या महापौरांनी राजीनामा दिला. बातमीच्या मथळ्यात ‘हंगामी महापौर’, आत ‘प्रभारी’ आणि शेवटी चक्क ‘काळजीवाहू’. माणूस एकच, उपमहापौर! आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “हंगामी म्हणजे उसाचा हंगाम संपेपर्यंत काय?” जाणकारांनी सांगावं.

शहापूर, बेळगावहून: आईंनी नेमकं मूळच पकडलं. हंगाम हा फारसी शब्द, अर्थ वेळ, मोसम. कन्नडमध्येही पावसाळी हंगामाला ‘मुंगारू हंगामू’ म्हणतातच. कारखान्यावरचा हंगामी कामगार गाळपापुरता असतो. विधानसभेत नवा अध्यक्ष निवडेपर्यंत बसवतात तो हंगामी अध्यक्ष, तोही तेवढ्या कामापुरता नेमलेला. उपमहापौर मात्र आधीच निवडून आलेला असतो, त्याच्या अंगावर दुसऱ्या पदाचा भार येतो. म्हणून तो प्रभारी. काळजीवाहू इथे चूकच. राजीनामा दिल्यावरही पुढची सोय होईपर्यंत ज्याला थांबायला सांगतात, तो काळजीवाहू मुख्यमंत्री. इथे तर महापौर निघूनच गेले.

निपाणीहून: काका, राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद ना? मग पद सोडण्याशी त्याचा काय संबंध?

शहापूर, बेळगावहून: जुन्या महसुली दप्तरात बघ. जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा, घेणारा कबुलायत. ‘माझा हक्क सोडायला मी राजी आहे’ असा तो कागद. तिथून तो पदालाही लागला. हिंदीत कोर्टातल्या तडजोडीला अजून राजीनामा म्हणतात.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. ‘राजीनाम्यामुळे पालिका बरखास्त’ असं लोक सहज बोलून जातात. महापौर गेला तरी सभागृह राहतं, नगरसेवक राहतात. बरखास्ती झाली की प्रशासक येतो. आपल्या बेळगावात तर २०२१ च्या सप्टेंबरात ५८ नगरसेवक निवडून आले आणि महापौर मिळाला २०२३ च्या फेब्रुवारीत. त्या काळाला ‘बरखास्त’ म्हणणंही चूक आणि ‘प्रभारी महापौर’ म्हणणंही चूक, कारण भार द्यायला उपमहापौरच नव्हता.

निपाणीहून: आणि कन्नड बातम्यांतला ‘उस्तुवारी’ मंत्री?

शहापूर, बेळगावहून: तो म्हणजे आपला पालकमंत्री. शब्द मात्र आपल्या ‘उस्तवार’चा सख्खा भाऊ.

खानापूरहून: हा आईला लगेच कळला. आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा घरी येणारं जाणारं विचारायचं, “उस्तवार कोण करतंय?”